सारवासारव आणि उडवाउडवी

गुहागरहून एका वाचकाने विचारलंय : ‘“जेटीच्या खर्चाबाबत विचारले असता त्यांनी सारवासारव केली” असं बातमीत वाचलं. इथे उडवाउडवी हवं होतं का? की दोन्ही एकच?’

उडवाउडवीच हवं होतं. दोन्ही शब्दांत खरं सांगायचं टळतं, पण वेळ वेगळी. प्रश्न आला की तो अंगाला लागू न देणं ही उडवाउडवी. बिंग फुटल्यावर, बोलून चुकल्यावर जी धांदल होते ती सारवासारव. खर्चाचं अजून काही बाहेरच आलेलं नसेल, तर सारवायचं काय?

आंब्याच्या दिवसांत महामार्गाच्या कडेला दोन्ही ऐकायला मिळतात. ‘पेटी देवगडचीच ना?’ ‘काका, पेटीवर काय लिहिलंय वाचा की!’ ही उडवाउडवी. विक्रेता खोटं एक अक्षर बोललेला नाही. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पेटी उघडली, आत कर्नाटकातला आंबा निघाला, की सूर बदलतो : ‘अहो, कलम मूळचं आपल्याकडचंच, लागवड फक्त तिकडे.’ ही सारवासारव. (हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते कोकणातल्या जिल्ह्यांपुरतं, त्यामुळे मूळ कलमाचा दाखला इथे कामाचा नाही.)

सारवासारव आली ती सारवण्यावरून, आणि कोकणात हे कोणाला समजावून सांगायला नको. पावसाने अंगण उखडतं. पाऊस सरला की माती टाकायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोप चोप चोपायचं, आणि मग शेणकाल्याचा हात फिरवायचा. चोपणी नीट झाली तर सारवण टिकतं. चोपायचा कंटाळा करून वरवर हात फिरवला तर त्या दिवशी अंगण छान दिसतं, पण उन्हं तापली की भेगा होत्या तिथेच पुन्हा दिसतात. नुसत्या ‘सारवणे’ला दोष चिकटलेला नाही, ते घरचं नेहमीचं काम. शब्द दुहेरी झाला की त्यात घाई आणि लगबग येते, जशी धावाधाव, शोधाशोध, पळापळ यांत.

टाळाटाळ मला या जोडीत घ्यावीशी वाटत नाही. ती मुख्यतः कामाची, पैसे परत देण्याची, भेटण्याची. उत्तराची टाळाटाळ म्हणतात, चालतंही, पण त्यात माणूस समोरच येत नाही. उडवाउडवी करणारा समोर उभा राहून बोलत असतो.

‘नरो वा कुंजरो वा’ मात्र या घरातलं आहे, आणि हल्ली त्याची धार बोथट केली जाते. कुठल्याच बाजूने न बोलणाऱ्या पुढाऱ्याची ‘नरो वा कुंजरो वा भूमिका’ असं सर्रास छापतात. युधिष्ठिर तटस्थ नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता. द्रोणांनी तो आपला मुलगाच समजावा म्हणून त्याने ‘अश्वत्थामा मेला’ हे वाक्य उच्चारलं आणि हत्तीचा उल्लेख पुटपुटला. खऱ्याचा आधार घेऊन केलेली फसवणूक आहे ती. मौनाला किंवा कुंपणावर बसण्याला हा शब्दप्रयोग वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

लिहिताना एवढं पाहावं : सारवासारव ‘करतात’, उडवाउडवीची मात्र बहुधा ‘उत्तरं देतात’. दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणून ‘सारवासारवचा प्रयत्न’ नव्हे, ‘सारवासारवीचा प्रयत्न’.