वाचक विचारतात: मुलांच्या हातचा फळांचा खाऊ

परीक्षा संपल्या की मुलं दिवसभर घरात, आणि बाहेर ऊन असं की दुपारी दारात उभं राहवत नाही. म्हणून या वेळी फळांच्या घरगुती खाऊविषयी प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं वाचली तर बहुतेकांचं गाडं पाण्यापाशी अडलेलं दिसतं. कुठे फळातलं पाणी राहून गेलंय, कुठे नको तेवढं आटलंय, कुठे ते धरून ठेवायला घातलेली वस्तूच निकामी झालीय.

प्रश्न: सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन डाळिंबाच्या जेलीच्या वड्या करायला गेले. चायना ग्रासची पावडर पाण्यात उकळून फ्रीजमधल्या गार रसात ओतली, तर दोऱ्यांसारख्या गाठी झाल्या. त्या मोडाव्यात म्हणून लिंबू पिळून सगळं पुन्हा दहा मिनिटं उकळलं. तरी घट्ट झालं नाही. रस मिक्सरमध्ये काढला होता, तो कडवटही लागला. (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर: गाठी झाल्या तेव्हा थांबला असतात तर वड्या वाचल्या असत्या. चायना ग्रास (अगर-अगर) साधारण ३५ ते ४० अंशांना घट्ट होतो. गार रसात पडला की तो मिसळायच्या आतच गोठतो, त्याच तुमच्या गाठी. त्या पुन्हा गरम केल्यावर विरघळतात, हे तुमचं बरोबर. पण आंबट रसात लिंबू घालून दहा मिनिटं उकळलं की आम्लाने त्याची घट्ट होण्याची ताकदच जाते. लिंबू नेहमी गॅस बंद केल्यावर.

प्रमाण असं धरा (वाटी १५० मिलीची): रस २ वाट्या, पाणी १ वाटी, चायना ग्रास पावडर ३ सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण ६ ग्रॅम. पट्ट्या असतील तर ८ ग्रॅम घ्या आणि कात्रीने बारीक कापून अर्धा तास भिजवा. पावडरीला दहा मिनिटं पुरतात. हे पाणी मंद आचेवर ढवळत ३-४ मिनिटं उकळू द्या. पळी उचलून उजेडात धरा. पळीवरून ओघळणाऱ्या पाण्यात एकही कण दिसता कामा नये. कण दिसला तर अजून उकळा, घाई इथेच नडते. दुसऱ्या पातेल्यात रस कोमट करा, बोट सहन करेल त्याहून थोडा जास्त गरम, पण उकळायचा नाही. आता चायना ग्रासचं पाणी रसात ओता, ढवळा, गॅस बंद, मग एका लिंबाचा रस. लगेच ताटात ओता.

कडवटपणा मिक्सरचा. जोरात फिरवला की बिया फुटतात आणि त्यांचा तुरटपणा रसात उतरतो. दाणे घालून बटण दोनदा टिचकीसरशी फिरवा, बस्स, आणि गाळणीवर वाटीच्या बुडाने दाबा. त्याहून बरं म्हणजे स्वच्छ फडक्यात दाणे बांधून पिळणं. हे काम नऊ वर्षांच्या मुलाला द्या, जुना शर्ट घालून. डाग निघत नाही. एक किलो डाळिंबं (आपली भगवा जातीची असतील तर तीन-चार) दोन वाट्या रसाला पुरतात.

सहा वर्षांच्या मुलाला दाणे सोडवायला बसवा, पण पाण्यात. मोठ्या पातेल्यात गार पाणी घ्या, डाळिंबाचे चार भाग करून द्या आणि पाण्याखालीच दाणे सोडवायला सांगा. दाणे तळाशी बसतात, पांढरी पापुद्र्याची साल वर तरंगते. शिंतोडे उडत नाहीत, आणि तरंगणारं सगळं गाळणीने काढून टाकलं की खाली नुसते दाणे.

भांडं स्टीलचं हवं. लोखंडी कढईत हाच रस काळपट पडतो. आणि मे महिन्याच्या दुपारी स्वयंपाकघरच चाळिशीला टेकलेलं असतं, तेव्हा ताट ओट्यावर ठेवून वड्या घट्ट व्हायची वाट बघू नका, फ्रीजमध्ये ठेवा. एकदा घट्ट झाल्या की मात्र आपल्या उन्हाने वितळत नाहीत, कारण चायना ग्रास पुन्हा पातळ व्हायला ८० अंशांच्या वर जावं लागतं. जिलेटिनच्या वड्या या हवेत डब्यातच ओघळतील, शिवाय ते प्राण्यांपासून काढतात. दुकानातल्या जेलीसारखा चिवटपणा मात्र चायना ग्रासला येत नाही, या वड्या दातांखाली मोडतात. दुसऱ्या दिवशी डब्यात थोडं पाणी सुटेल, तो त्याचा स्वभाव आहे. तीन दिवसांत संपवा.

प्रश्न: नातवंडं सुट्टीला आली आहेत. माळवदावर आंब्याची पोळी घातली, पण कडा तडकून उचकटल्या आणि मधे चिकटच राहिली. एका ताटाला चौथ्या दिवशी बुरशी आली. ऊन तर भरपूर होतं. (एक आजी, बार्शी)

उत्तर: आजी, ऊन भरपूर होतं म्हणूनच हे झालं. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी. त्यात जाड थर थेट उन्हात ठेवला की वरचा पापुद्रा दोन तासांत वाळून झाकणासारखा बसतो आणि आतलं पाणी अडकतं. वरून हात लावला तर कोरडी वाटते, आत मात्र ओल, आणि बुरशी तिथेच धरते. बुरशीचं ताट पूर्ण टाकून द्या. तेवढाच तुकडा काढून बाकीची खाऊ नये.

थर मोजून घाला. ३० सेंटिमीटरच्या ताटाला दोन वाट्या रस, म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर. त्याहून जास्त नको. ताटाला तुपाचं बोट फिरवा, रस ओता आणि ताट दोन्ही हातांनी धरून हलकेच आपटा, म्हणजे सारखा पसरतो. मग पळीच्या पाठीने मधला रस जरासा कडेकडे ढकला. कड नेहमी पातळ राहते आणि आधी वाळते, म्हणून ती तडकते. कड थोडी जाड ठेवली की सगळी पोळी एकदम वाळते.

रस कच्चा घालू नका. बिनरेषेच्या केसर किंवा हापूसचा रस (रेषा असतील तर चाळणीतून घासून) जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ६-७ मिनिटं ढवळत शिजवा. थोडं पाणी इथेच उडतं, रंग काळा पडत नाही, आणि पहिल्या दिवशी रस आंबायची भीती कमी होते. दोन वाट्यांना लिंबाचा रस एक चमचा. साखर गोड आंब्याला नकोच. आंबट निघाला तर दोन चमचे. जास्त साखरेची पोळी कायम चिकट राहते, कितीही वाळवा.

ताट सकाळी आठला बाहेर, वर पातळ मलमल, चार कोपऱ्यांना वाट्या उलट्या ठेवून त्यावर ताणलेली, म्हणजे रसाला चिकटत नाही. बारा ते तीन सावलीत सरकवा, जिथे वारा लागेल. माळवदाची माती वाऱ्याने उडते, म्हणून ताट जमिनीवर नको, बाजेवर किंवा स्टुलावर ठेवा. संध्याकाळी घरात आणा; वळवाचा पाऊस विचारून येत नाही. दुसऱ्या दिवशी कडेने सुरी फिरवून पोळी उलटी करा आणि खालची बाजू वाळवा. तयार झाली की बोट दाबल्यावर खूण राहत नाही आणि पोळी कड धरून अखंड सुटून येते. हे दाबून बघायचं काम नातवंडांचं. फक्त प्रत्येक वेळी हात धुऊन, कोरडे करून.

बटर पेपरात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. महिनाभर बाहेर टिकते, पावसाळ्यात फ्रीजमध्ये.

प्रश्न: मुलींसोबत पेरूच्या वड्या करायच्या आहेत, पण कृतीत साखर खूप दिसते. निम्मी केली तर चालेल का? (एक वडील, विजापूर रोड)

उत्तर: निम्मी कशापेक्षा, त्यावर आहे. कृतीत पेरूच्या गराइतकीच साखर असेल तर निम्मी चालेल. ५०० ग्रॅम गाळलेल्या गराला २५० ग्रॅम साखर ही आमच्या मते खालची मर्यादा. पेरूत वडी धरून ठेवणारं पेक्टिन भरपूर असतं, पण त्याला साखर आणि आम्ल दोन्ही लागतात. साखर आणखी कमी केली तर वडी लापशीसारखी राहते आणि बाहेर टिकत नाही. २५० ग्रॅमच्या वड्याही फ्रीजमध्येच ठेवा. लिंबाचा रस दीड मोठा चमचा घाला.

गर काढताना अर्धे पेरू जरा कडक, पिकत आलेले घ्या. पूर्ण पिकलेल्या पेरूत पेक्टिन कमी झालेलं असतं. थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून घासा. चाळणी मुलींना द्या, कढई देऊ नका. आटताना हा गर फटफट उडतो आणि चिकटून भाजतो, कढत तेलापेक्षा वाईट. खोल पातेलं, लांब दांड्याची पळी आणि मोठं माणूस. पातेल्याच्या तळाशी पळीने रेघ ओढल्यावर दोन सेकंद ती भरून येत नसेल आणि गोळा कडा सोडत असेल तर उतरवा. त्याच्या आधी उतरवलं तर वडी चिकट होते, फार नंतर उतरवलं तर चामड्यासारखी.

आता आरोग्याचं. या ताटात ३६ वड्या पडल्या तर एका वडीत वरून घातलेली साखर ७ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. दिवसाला १४०० कॅलरी लागणाऱ्या मुलीसाठी ती ३५ ग्रॅम झाली, आणि तीत चहा, बिस्किटं, सरबत सगळं आलं. फळांचा रसही याच हिशेबात धरतात, फोड करून खाल्लेलं फळ धरत नाहीत. दिवसाला एक वडी द्या, नुसता पेरू हवा तेवढा.

प्रश्न: मोठ्या भावाचं बघून दोन वर्षांची मुलगीही द्राक्षं मागते. अख्खी द्यावीत का? (साखर पेठ)

उत्तर: नाही. अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि बरोबर श्वासनलिका बंद करण्याच्या मापाचं. पाच वर्षांपर्यंत उभे चार भाग करून द्या. आडवे कापून गोल चकत्या करू नका, त्याही अडकतात. बोरांची बी काढून, गर चिरून. शेंगदाण्याचा बारीक कूट चालेल, अख्खे दाणे नकोत. आणि खाताना बसलेलं असावं, पळत नाही.

प्रश्न: द्राक्षं स्वस्त झाली की घरी बेदाणे करून बघतो. पंधरा दिवस उन्हात ठेवूनही मऊच राहतात आणि आंबूस वास येतो. (पंढरपूर)

उत्तर: द्राक्षावरचा पांढुरका थर मेणाचा असतो आणि तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. तुमच्याकडच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात द्राक्षं बुडवतात ती याचसाठी. घरी उकळतं पाणी पुरतं. बिनबियांची द्राक्षं देठावेगळी करून धुवा, चाळणीत घालून उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट धरा (हे मोठ्यांनी), सालीवर केसासारख्या चिरा दिसल्या की काढून गार पाण्यात. जास्त वेळ ठेवली तर शिजून फुटतात. फडक्यावर एका थरात पसरा, एकमेकांना लागू देऊ नका. हिरवट रंग हवा असेल तर वाऱ्याची सावली, सोनेरी-तपकिरी चालत असेल तर ऊन. मार्चच्या अखेरीस उन्हात चार-पाच दिवस लागतात.

मुलांसाठी यात एक चांगलं काम आहे. पसरण्याआधी ४०० ग्रॅम द्राक्षं तोलून वेगळ्या ताटलीत ठेवा, आणि रोज संध्याकाळी तेच ताटलीतले दाणे काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायला सांगा. पहिल्या दोन दिवसांत आकडा झरझर उतरतो, मग रेंगाळतो. १०० ग्रॅमच्या आसपास आला की बेदाणे झाले. बोटाने चाचपून ‘झालं असेल’ म्हणण्यापेक्षा हे पक्कं. मधेच आंबूस वास आला तर त्या दिवशीचा थर दाट होता असं समजा आणि ती खेप टाका.

प्रश्न: साखर न घालता केळ्याचं आइस्क्रीम होतं म्हणतात. आमच्या मिक्सरचं पातं अडकलं, शिवाय फ्रीझरमधल्या केळ्याची साल निघेना. (अक्कलकोट रोड)

उत्तर: साल आधी काढायची, गोठल्यावर ती काळी पडून गराला चिकटते. सालीवर काळे ठिपके आलेली चार केळी घ्या, कमी पिकलेल्यांचं आइस्क्रीम तुरट लागतं. बोटभर जाडीच्या चकत्या मुलांना बोथट सुरीने करू द्या, आणि त्या ताटात सुट्या ठेवून चार-पाच तास गोठवा. एकत्र गोळा करून ठेवल्या की दगड होतो आणि पातं अडकतं. बाहेर काढून पाच मिनिटं थांबा, दोन चमचे दूध घाला, थांबून थांबून फिरवा. आधी भुशासारखं दिसतं, तिथे बहुतेक जण आणखी दूध ओततात आणि मिल्कशेक होतो. ओतू नका, कडेचं खाली ढकलून आणखी दोन-तीनदा फिरवा, एकदम लोण्यासारखं होतं. वरून शेंगदाण्याचा कूट घाला आणि लगेच वाढा. परत गोठवलं तर पुन्हा दगड.