वाचक विचारतात: भूत दिसत नाही, तरी भीती का वाटते?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नारायण पेठेतली, वय ५८. परवा मुलाने एक नवा हॉरर पिक्चर लावून दिला, रक्त, किंकाळ्या सगळं होतं त्यात, पण मी मध्येच उठून कुकर लावून आले. आणि त्याच आठवड्यात ‘महल’ परत बघितला तर रात्री पाणी प्यायला उठायची हिंमत होईना! मुलगा म्हणतो हा तुझा नॉस्टॅल्जिया आहे. खरंच तसं असेल का?

उत्तर : नाही हो काकू, अजिबात नाही. तुम्ही घाबरलात ते त्या पिक्चरचं काम आहे, आणि १९४९ साली केलेलं ते काम आजही तितकंच पक्कं आहे. ‘आएगा आनेवाला’ परत एकदा ऐका, नुसतं ऐका, बघू नका. आवाज आधी लांबून येतो, मग जवळ येत जातो. रेकॉर्डिंगच्या वेळी लताबाईंना माइकपासून लांब उभं केलं होतं आणि गात गात हळूहळू माइककडे यायला सांगितलं होतं, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. म्हणजे कोणीतरी चालत येतंय हे तुमच्या कानाला खरोखरच कळतं, डोळ्यांना मात्र काही सापडत नाही, आणि मग ते रिकामं राहिलेलं आपलं आपणच भरतो. रक्ताच्या पिक्चरमध्ये सगळं दाखवून टाकतात, आपल्यासाठी काही उरतच नाही.

मी लहानपणी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात वाढले, आता तिथे बिल्डिंग आहे. माडीवर जायचा लाकडी जिना होता आणि त्याची तिसरी पायरी रात्री आपोआप करकरायची, वर पाय ठेवलेला नसताना. कारण साधं आहे, दिवसभर तापलेलं लाकूड रात्री गार पडताना आकसतं, खाचांमधे बसवलेले सांधे एकमेकांवर घासतात, पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि दारं अडकून बसतात. आजी म्हणायची, “काही नाही, वाडा कूस बदलतोय.” हे सगळं आज मला माहितीये, पण तेव्हा गोधडीत तोंड खुपसून मी पुढच्या आवाजाची वाट बघत पडायचे, आणि खरी भीती त्या वाट बघण्यातच होती. जुन्या पिक्चरवाल्यांना हे नेमकं कळलं होतं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे घर हेच मुख्य पात्र असतं, माणसं त्यात फक्त राहायला येतात.

इंग्रजीतला १९६३ चा ‘द हाँटिंग’ मिळाला तर जरूर बघा. रॉबर्ट वाइझचा, म्हणजे ज्याने दोनच वर्षांनी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ केला तोच. अख्ख्या पिक्चरमध्ये भूत एकदाही दिसत नाही! दोघी बायका रात्री एकमेकींना बिलगून बसल्यात, बाहेरून भिंतींवर धाडधाड आवाज येतोय, तो दारापाशी येऊन थांबतो, मग कॅमेरा दाराच्या मुठीवर थांबतो आणि ती हळूच फिरते. पुढे एका प्रसंगात तर बंद लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, माणसाची छाती श्वास घेताना फुगते ना तसं. मागून ढकलून केलेली साधी युक्ती आहे, पण मला आजही बघवत नाही. आणि १९६१ च्या ‘द इनोसंट्स’मध्ये तर काळ्या कपड्यातली एक बाई तळ्याच्या पलीकडे भर दिवसा नुसती उभी असते. काही करत नाही, उभी असते बस. त्या पिक्चरचा कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसने रंगवलेले फिल्टर वापरून पडद्याच्या कडा काळोख्या ठेवल्या होत्या, त्यामुळे आपली नजर सारखी त्या कडांकडे जाते.

आणि पुण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला कशाला हवं? ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला, १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या, राहिली तटबंदी, दरवाजे आणि जोती. तरी “काका, मला वाचवा” अजून लोकांना ऐकू येतं म्हणतात. बघा ना, नारायणराव दिसले असं कोणी सांगत नाही, ऐकू आले असंच सांगतात.

प्रश्न : माझी भाची १२ वर्षांची आहे, सुट्टीत कोथरूडला आमच्याकडे येणार आहे, तिला जुना भुताचा पिक्चर दाखवायचाय. कुठला दाखवू?

उत्तर : ‘बीस साल बाद’, १९६२ चा. हेमंतकुमारांची गाणी आहेत त्यामुळे मधेमधे श्वास घ्यायला जागा मिळते. ‘द इनोसंट्स’ मात्र आत्ता नको, त्यात लहान मुलांचंच दुःख आहे, ते तिला थोडी मोठी झाल्यावर दाखवा. आणि एक करा, ट्यूबलाइट बंद करा, सगळ्यांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पंखा शक्य तेवढा हळू करा, कारण ब्लॅक अँड व्हाइटमधला काळोख उजेडात नुसता राखाडी दिसतो आणि पंख्याच्या घरघरीत बारीक आवाज हरवून जातात. भाची मधेच हात धरेल, धरू द्या.