समितीत पहिल्यांदा बसताना

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या वतीनं जिल्ह्याच्या समितीवर तुला घेतलं, फार बरं वाटलं गं. पण नुसती सही करून परत येऊ नकोस. विषयपत्रिका आधी मागून घे आणि एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, रांगेतल्या चार जणींना विचारून जा.

पहिल्या बैठकीत मी ‘लोकांना त्रास होतो’ एवढंच म्हणाले. कुणी लिहूनही घेतलं नाही. पुढच्या वेळी एका बाईचं एसटीचं तिकीट घेऊन गेले, तिला विचारून, नाव न सांगता. महिन्याऐवजी पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या, म्हणून दुसरी खेप पडली, रोज बुडाला. तिकीट टेबलावर ठेवलं, तेव्हा साहेबांनी पेन उघडलं. इतिवृत्तात ते आलं का, हेही बघायचं असतं.

आपण तिथे कुणाच्या उपकारावर बसत नाही. १९९४ च्या एड्सविषयीच्या पॅरिस जाहीरनाम्यात ४२ देशांनी आपला, म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा, सहभाग मान्य केलाय, त्यात भारतही आहे. आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तुझ्या संमतीशिवाय तुझा आजार सहसा कुणाला उघड करता येत नाही. फोटो नको असेल तर स्पष्ट नाही म्हण.

प्रवासभत्ता मात्र मागूनच घे. तुझाही रोज बुडतोच ना.