पद्मिनी घ्यावी की ऑडी टीटी?

दोन्ही घेता येणार असतील तर उत्तमच, पण पहिली गाडी असेल तर आधी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे ती जुनी फियाट, घ्या. तिचं 1089 सीसी इंजिन एका साध्या पान्याच्या सेटवर समजतं. टीटी ही ऑडीची स्पोर्ट्स कार; तिला दोष वाचणारा कॉम्प्युटर स्कॅनर लावल्याशिवाय बोलणीच सुरू होत नाहीत.

पद्मिनी बघताना रंगाकडे दुर्लक्ष करा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दरवाज्याच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग मॅट उचलून फ्लोअर बघा. इंजिन बांधून मिळतं, पण कुजलेली बॉडी सरळ करण्यात गाडीच्या किमतीएवढे पैसे जातात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पाण्यातून गेल्यावर हलका पाय ठेवून ते सुकवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.
- इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, तडकतात. गाडी घरी आली की पहिले तेच बदला. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नंतर.
- 50 वर्षांवरच्या गाडीची विंटेज नोंदणी होते, पण मग ती रोज चालवता येत नाही. ऑफिसला न्यायची असेल तर साधं आरसी नूतनीकरणच करा.

सेकंडहँड टीटीत सहा गिअरच्या ऑटोमॅटिकचं तेल 60,000 किमीला बदलल्याची पावती मागा. टायरवरचा आकडाही वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, तो टायर आता म्हातारा आहे.

ट्यूनिंग वगैरे पुढच्या वर्षी.