मशीन विकल्यानंतर काय होतं ते आधी बघ

अरे,

तुझा मेल वाचला. दोन ऑफर आहेत, एक लिक्विड हँडलर (द्रव मोजून प्लेटमध्ये सोडणारे रोबॉट) बनवणाऱ्या जुन्या कंपनीत ॲप्लिकेशन सायंटिस्टची, दुसरी एआयवर चालणारी पूर्ण ऑटोमॅटिक लॅब बांधतोय म्हणणाऱ्या स्टार्टअपमध्ये बिझनेस डेव्हलपमेंटची, आणि सोबत तो मार्केट रिपोर्ट पाठवलायस की बघा हे क्षेत्र किती वाढतंय. माझं मत आधीच सांगून टाकते, पहिली घे. का ते खाली लिहितेय, नाही पटलं तर भांड माझ्याशी.

तो रिपोर्ट जरा बाजूला ठेव. ड्रग डिस्कव्हरीतल्या ऑटोमेशनच्या मार्केटचा आकडा प्रत्येक रिपोर्टमध्ये वेगळा येतो, कारण कोणी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमधली मशीनं पण त्यातच धरतो, कोणी टिप्स (द्रव ओढायची वापरून फेकायची प्लास्टिकची टोकं) आणि प्लेट्स धरतो, कोणी नुसते रोबॉट आणि सॉफ्टवेअर. वाढीचा टक्का वाचायच्या आधी आत काय काय मोजलंय ते बघायची सवय लाव, एवढंच.

आता मुद्द्याचं. हे सगळं मार्केट एका प्लास्टिकच्या प्लेटवर उभं आहे. १९५१ मध्ये हंगेरीत ग्युला ताकात्सी यांनी फ्लूच्या तपासण्यांसाठी ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात १२-१२ खळग्यांच्या ६ ओळी केल्या, त्यातून पुढे ९६ वेलची, म्हणजे ९६ खळग्यांची, प्लेट आली, मग ३८४, मग १५३६, जिच्या एका वेलमध्ये जेमतेम काही मायक्रोलिटर मावतं आणि जी माणसाच्या हाताने भरणं जवळपास अशक्य आहे. पण खरा टर्निंग पॉइंट मला वाटतो तो २००४ चा, जेव्हा प्लेटचं माप अमेरिकन स्टँडर्ड म्हणून पक्कं झालं, १२७.७६ बाय ८५.४८ मिलिमीटर. त्यामुळे कुठल्याही कंपनीची प्लेट कुठल्याही कंपनीचा रोबॉटिक हात उचलू शकतो, हॅमिल्टनचं लिक्विड हँडलर, दुसऱ्याचा इन्क्युबेटर, तिसऱ्याचा रीडर असं एकत्र लावता येतं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र असं एकमत अजून झालेलं नाही. सायला (SiLA) नावाचं स्टँडर्ड त्यासाठीच सुरू झालं, चांगलं काम आहे, पण अजूनही कितीतरी मशीनं आपापल्याच भाषेत बोलतात आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावणं हाच इंटिग्रेटर, म्हणजे जोडणी करून देणाऱ्या, कंपन्यांचा धंदा आहे. गिऱ्हाईक रोबॉटचे पैसे बघून बजेट करतं आणि मग जोडणी, शेड्युलर, व्हॅलिडेशन यातच महिने जातात. हे तुला बाहेरून कधीच दिसणार नाही, आत काम केलं तरच दिसेल.

आणि गिऱ्हाईक भोळं नाहीये हे लक्षात ठेव. ९० च्या दशकात मोठ्या फार्मा कंपन्यांनी हाय-थ्रूपुट स्क्रीनिंगवर भरपूर पैसा ओतला, लाखो कंपाउंड टेस्ट करायचे, औषधं आपोआप सापडतील असं वाटत होतं. २०१२ मध्ये स्कॅनेल आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला, की महागाई धरून बघितलं तर १९५० पासून दर १ अब्ज डॉलर संशोधन खर्चामागे मंजूर होणाऱ्या नव्या औषधांची संख्या साधारण दर ९ वर्षांनी निम्मी होत आलीये. मशीन वेगवान झालं आणि औषध महाग होत गेलं. याला कारणं बरीच आहेत, मंजुरीचे कडक नियम, आधीच्या चांगल्या औषधांशी स्पर्धा, पण त्यांनी एक कारण असंही दिलं की नुसत्या संख्येच्या जोरावर शोध लागेल हा विश्वास जरा जास्तच होता. ज्यांनी तो काळ बघितलाय ते आज खरेदीच्या टेबलावर बसलेत. त्यांना "दिवसाला इतक्या प्लेट्स" म्हणून सांगितलंस तर ते नुसती मान हलवतील. ते विचारतात की मंगळवारी आलेलं उत्तर शुक्रवारी दुसऱ्या ऑपरेटरकडून तेच येईल का, आणि रात्री मशीन अडकलं तर सकाळी माझ्या पेशी जिवंत असतील का.

म्हणूनच म्हणतेय की आधी बेंचवर उभा राहा. पाण्यासाठी सेट केलेला लिक्विड क्लास (द्रव कसा ओढायचा-सोडायचा याची सेटिंग) डीएमएसओ या सॉल्व्हंटला चालत नाही, ग्लिसरॉल असलेल्या बफरला तर अजिबातच नाही, टिप किती वेगाने वर उचलायची, शेवटचा थेंब कसा सोडायचा, हे सगळं प्रत्येक द्रवासाठी बसवावं लागतं. डेड व्हॉल्यूम नावाचा प्रकार असतो, भांड्याच्या तळाशी जे उरतं आणि मशीनला घेता येत नाही ते, आणि महागडं एन्झाइम असेल तर त्या उरलेल्या थेंबांपायी आख्खं डील फिसकटू शकतं. प्लेटच्या कडेच्या वेल्समधून बाष्पीभवन जास्त होतं म्हणून तिथले रीडिंग वेगळे येतात. १९९९ पासून लोक झेड-प्राइम नावाचा आकडा वापरतात, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक असतं असे नमुने) एकमेकांपासून किती नीट वेगळे पडतात ते त्यातून कळतं, ०.५ च्या वर असेल तर अ‍ॅसे (म्हणजे मोजायची चाचणी) चांगला समजतात. जो अ‍ॅसे हाताने केल्यावर डगमगतो तो रोबॉटवर टाकला की तितकाच डगमगतो, फक्त खूप जास्त प्लेट्समध्ये. अशा वेळी गिऱ्हाइकाला "आत्ता मशीन घेऊ नका, आधी अ‍ॅसे दुरुस्त करू" असं सांगू शकणारा माणूस मला या क्षेत्रात सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो पुढे जास्त विकतो पण.

पैशाचंही बघ. मशीन एकदाच विकलं जातं, टिप्स, प्लेट्स आणि सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट वर्षानुवर्षं चालतात. २०२०-२१ मध्ये कोविड टेस्टिंगमुळे जगभर फिल्टर टिप्सचा तुटवडा झाला, चांगली मशीनं टिप नाही म्हणून रिकामी बसली, मग घाबरून सगळ्यांनी साठे केले आणि २०२३ मध्ये ते साठे संपेपर्यंत ऑर्डरी आटल्या, त्याच वेळी व्याजदर वाढून बायोटेकचं फंडिंगही आखडलं. छोट्या बायोटेकचा पैसा थांबला की सगळ्यात आधी मोठ्या मशीनची खरेदी पुढे ढकलली जाते. ज्या कंपनीचा डोलारा फक्त नव्या मशीनच्या विक्रीवर आहे तिला अशी वर्षं फार जड जातात, आणि त्या वर्षांत नोकऱ्या कोणाच्या जातात ते तुला सांगायला नको.

स्टार्टअपबद्दल मी वाईट बोलत नाहीये. कल्पनेत दम आहे. २००९ मध्ये ॲडम नावाच्या रोबॉट सायंटिस्टने यीस्टच्या जीन्सबद्दल स्वतः अंदाज बांधून स्वतःच प्रयोग केले होते, त्यानंतर ईव्ह आली ती औषधं शोधण्यासाठीच. एआयने औषधं शोधणारी रिकर्शन ही कंपनी आठवड्याला २२ लाखांपर्यंत प्रयोग करू शकतो असं सांगते, आणि मॉडेल शिकवायला एकसारख्या पद्धतीने मोजलेला डेटा, फसलेल्या प्रयोगांसकट, लागतोच, तो हाताने पिपेटिंग करून मिळणार नाही. ही मागणी खरी आहे, टिकणारी आहे असं मला मनापासून वाटतं. पण झायमर्जेन या कंपनीचं काय झालं तेही वाच. ती औषधाची कंपनी नव्हती, रोबॉट आणि मशीन लर्निंग वापरून जीवाणूंकडून नवं मटेरियल बनवणारी होती, तरी गोष्ट आपल्याच कामाची आहे. एप्रिल २०२१ मध्ये शेअर बाजारातून ५० कोटी डॉलरच्या आसपास उभे केले, ऑगस्टमध्ये सांगावं लागलं की यावर्षी प्रॉडक्टमधून कमाई होणार नाही, गिऱ्हाइकांना त्यांची फिल्म आपल्या कारखान्यात वापरताना अडचणी येत होत्या, एका दिवसात शेअर सुमारे तीन चतुर्थांश पडला, पुढच्या वर्षी गिंको या दुसऱ्या बायोटेक कंपनीने ती विकत घेतली. प्रयोग झपाट्याने होत होते रे, पण पुढे ते प्रॉडक्ट घेऊन वापरणाऱ्याच्या हातात काय होतंय हे वेळेत कळलं नाही, मला तरी त्यातून हेच दिसतं.

तर दोन-तीन वर्षं ॲप्लिकेशनमध्ये काढ, फार्मा, छोटी बायोटेक, सीआरओ (दुसऱ्यांसाठी कंत्राटावर संशोधन करणाऱ्या कंपन्या), युनिव्हर्सिटी, सगळ्या प्रकारच्या लॅब आतून बघ. त्यानंतर स्टार्टअपमध्ये गेलास तर तुझ्या शब्दाला वजन असेल. आणि शेवटच्या राउंडला दोन्ही ठिकाणी हे विचारच: तुम्ही दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या मशीनपैकी किती आज रोज चालतात, सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट किती जण पुन्हा करतात, आणि मशीन अडकलं तर गिऱ्हाइकाचा फोन नेमका कोण उचलतं. स्टार्टअपने याची सरळ उत्तरं दिली तर मला लगेच कळव, मग मी माझं मत बदलायला तयार आहे.