थायरॉइडचा डोस वाढवूनही टीएसएच उतरत नसेल तर आधी सकाळचा चहा बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंची थायरॉइडची गोळी ५० वरून ७५, मग १०० मायक्रोग्रॅम केली तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) ९ च्या खाली येईना, आणि सकाळी त्या थायरॉइड, कॅल्शियम, लोहाची, अ‍ॅसिडिटीची अशा सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेऊन चहाबरोबर गिळतात. माझं कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल आहे, काऊंटरवर हे रोज ऐकतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. मला तरी डोस कमी पडतोय असं वाटत नाही, गोळी पोटात जात्येय पण रक्तात पुरती उतरत नसणार.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, लहान आतड्यातनं शोषलं जातं, आणि ते सुद्धा रिकाम्या पोटी घेतलं तर ६० ते ८० टक्केच. त्याच वेळी तिथं कॅल्शियम नाहीतर लोह असलं की थायरॉक्सिन त्यांना चिकटून बसतं आणि बरंचसं न शोषताच बाहेर पडतं. म्हणून थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम-लोह यांत किमान ४ तासांचं अंतर पाहिजेच. आता आपण गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारी माणसं, दुधाला नाही म्हणायचं जिवावर येतं, पण दुधात पण कॅल्शियमच की! सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचं पण दुधाबरोबर असंच होतं, आणि लोक तर "गोळी गरम पडते" म्हणून मुद्दाम दुधातनं घेतात.

अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल वेगळ्या प्रकारे नडते. थायरॉइडची गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि ही गोळी तेच दिवसभर कमी ठेवते, त्यामुळं नुसती वेळ बदलून भागत नाही. ती अजून लागत्येय का हे डॉक्टरांना विचारा, बऱ्याच जणांची कधीतरी चालू झालेली असते आणि बंद करायची राहूनच जाते.

वेळा अशा बसवता येतील: उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी साध्या पाण्यानं, चहा-नाष्टा अर्ध्या ते एक तासानं, कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, लोह रात्री (ही दोघं पण एकमेकांना आडवी येतात). सकाळचा चहा सुटतच नसेल तर थायरॉइडची गोळी रात्री जेवणानंतर ३ तासांनी घेतलेली पण चालते, मात्र मग लोहाची वेळ बदलावी लागेल.

टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर भानगड लिव्हरमध्ये असते, तिथली एन्झाइम्स (औषधं मोडणारी रसायनं) जोरात चालतात आणि थायरॉक्सिन लवकर संपतं. आईंना असलं काही असेल तर नक्की सांगा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कृपा करून दुर्लक्ष करू नका. १०० चा डोस हा अडलेल्या गोळीवर चढवलेला आहे. उद्यापासनं वेळा सुधारल्या की तोच डोस पुरता अंगात जाईल आणि जास्त पण होऊ शकतो. म्हणून वेळा बदलायच्या आधीच डॉक्टरांना सगळ्या गोळ्या आणि आत्ताच्या वेळा कागदावर लिहून दाखवा, डोस तेच ठरवतील. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर ते आधी सांगा, कारण थायरॉइड सुधारलं की तिचा जोर वाढतो. थायरॉक्सिन अंगात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, तेव्हा टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासा, पंधरा दिवसांत करून पैसे घालवू नका. मध्येच छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असं काही झालं तर मात्र रिपोर्टची वाट न बघता लगेच दाखवा.