कानात दडे बसतात कशाने, आणि कानठळ्या कशाने?

प्रश्न असा आहे: ‘सुतळी बॉम्बच्या आवाजाने कानात दडे बसले’ हे वाक्य चालेल का, की इथे ‘कानठळ्या बसल्या’ असंच म्हणायला हवं?

कानठळ्याच. कानठळ्या आवाजाने बसतात. दडे बसतात ते हवेने, पाण्याने, मळाने किंवा सर्दीने. दोन्हींत ऐकू कमी येतं आणि कान गच्च झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे घोटाळा होतो. पण बिघाडाच्या जागा वेगळ्या आहेत.

आधी दडे. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंत सुमारे २.५ सेंटिमीटरची नळी आहे. तिच्यात मळ असला आणि आंघोळीचं पाणी गेलं, की मळ फुगून वाट बुजते. हा एक दडा. दुसरा, घाटातला, पडद्यामागे बसतो. तिथे मध्यकर्णाची हवेने भरलेली छोटी पोकळी आहे आणि तिला हवा पोचते ती युस्टेशियन नळीतून. मोठ्या माणसात ही नळी साधारण ३.५ सेंटिमीटर लांब, नाकामागे घशात उघडणारी आणि एरवी मिटलेली. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की टाळूचे स्नायू ती क्षणभर उघडतात. घाट चढताना आतली हवा सहसा आपोआप निसटते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो (५०० मीटरला ५-६ टक्के), पडदा आत ढकलला जातो आणि नळीचं मऊ तोंड आणखी घट्ट मिटतं. ताणलेला पडदा नीट थरथरत नाही, म्हणून सगळे आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. विमान उतरताना तान्ह्या बाळाला दूध पाजतात ते याचसाठी: गिळलं की नळी उघडते. नाक दाबून फुंकायचं तर हळूच, आणि सर्दी असताना नकोच. नाकातला शेंबूड मध्यकर्णात जायचा.

आता कानठळ्या. पडद्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांतून आतल्या कानात जाते. पडदा मोठा, रिकिबीचा तळ लहान, शिवाय हाडांची तरफ. त्यामुळे दाब साधारण २० पट होतो. मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आखडून ती आवरून धरतो, पण त्याला सेकंदाचा दहावा भाग लागू शकतो. फटाका तोवर वाजून गेलेला असतो. तो मार शंखासारख्या वळणदार कॉक्लियातल्या, टोकाला केसांसारखे तंतू असलेल्या पेशींना बसतो. एका कानात त्या १५ हजारांच्या आसपास असतात. थकल्या तर काही तासांत किंवा दिवसांत सावरतात. मेल्या तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानठळ्यांनंतर कानात ‘कुंई’ वाजत राहतं, तेही बहुधा इथल्याच बिघाडामुळे.

‘कान फुटणे’ हे तिसरंच. त्यात पडद्याला भोक पडून कान वाहतो. स्फोटाने पडदा फाटूही शकतो, पण बोलीत ‘कान फुटला’ म्हणजे बहुतेकदा पू आला.

व्याकरणाचं थोडक्यात: कानठळ्या नेहमी अनेकवचनी, आणि प्रयोजक रूपही रुळलेलं, ‘कानठळ्या बसवणारा आवाज’. दडा एकवचनीही चालतो. प्रदेशानुसार ‘कानात’ किंवा ‘कानाला’.

एकच कान बंद वाटत असेल तर तोंड मिटून ‘हंऽऽ’ असा हुंकार द्या. तो बंद कानात जास्त घुमला तर बहुधा दडाच: वाट अडली आहे, आतला कान शाबूत आहे (चांगल्या कानात बोट घालून पाहा, तिथेही हुंकार मोठा होतो). हुंकार चांगल्या कानाकडेच गेला तर बिघाड आतल्या कानाचा असू शकतो. कान अचानक बंद झाला आणि हुंकार असा सरकला, तर ‘दडा बसलाय, सुटेल’ म्हणून तेल घालत बसू नये. त्या किंवा दुसऱ्या दिवशीच कानाच्या डॉक्टरांकडे जावं. त्यावरची स्टिरॉइड औषधं जितकी लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त, आणि दोन-चार आठवडे उलटले की फारसा उरत नाही.